गाठ नसलेली गाठ

मराठीच्या अध्यापकांनी वैद्यकाविषयी लिहावे, यास काही कारण असावे लागते. आमच्यापुरते ते कारण एक शब्द आहे. आम्ही दोघी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघींनीही चाळिशी ओलांडली आहे. गेल्या वर्षी आम्हांपैकी एकीस 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' असल्याचे निदान झाले. कोणीस, हे येथे सांगत नाही. लहान गावात तेवढी ओळख पुरते. शिवाय दवाखान्याच्या फेऱ्या, अहवालांचे वाचन, पथ्याची कुरकुर आणि रात्रीची धास्ती हे सारे दोघींनी मिळूनच केले. तेव्हा येथील 'आम्ही' हे लेखनातले रूढ बहुवचन नसून खरोखरीचे बहुवचन आहे.

सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी कायद्यानेच लावावी लागते. महाराष्ट्राने १९८८ साली असा कायदा प्रथम केला, देशाचा कायदा १९९४ चा. त्या पाटीखाली बसलेल्या प्रत्येक बाईकडे कोणीतरी आहे हे जणू गृहीतच असते. शेजारच्या बाकावरील बाईने आम्हांसही मायेने विचारले, "कितवा महिना, ताई?" तपासणी झाली. अहवाल इंग्रजीत होता. डॉक्टरांनी तो मराठीत एका वाक्यात सांगितला : "बीजकोशांत गाठी आहेत, लहान लहान, बऱ्याच." ते वाक्य संध्याकाळपर्यंत घरी पोचले आणि सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "मग पिशवी कवा काढायची म्हणले डॉक्टर?"

या प्रश्नास अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण मराठवाड्यात तो प्रश्न अनुभवातून येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पोटदुखी, अंगावरून पांढरे जाणे, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली, तिने 'गाठ' हा शब्द ऐकला, त्याला 'उद्या कॅन्सर होईल' ही पुस्ती जोडली गेली, आणि पिशवी निघाली, अशी हकिकत आमच्याही भागात घरोघर ऐकू येते. आमच्या बोलीत पोटातली गाठ ही काढण्याचीच वस्तू आहे. म्हणून या आजारासाठी हा शब्द वापरणे धोक्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

कारण या आजारात गाठी नसतातच. पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात त्या पुटिका, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या इवल्या जागा. दर महिन्याला त्यांतील एक पुरती वाढून बीज बाहेर पडावे, हा शरीराचा क्रम. संप्रेरकांचा तोल ढळला की पुष्कळ पुटिका अर्ध्या वाटेवर थांबतात. थांबलेल्या पुटिका हा परिणाम होय. मूळ बिघाड अँड्रोजेन या संप्रेरकांच्या आधिक्यात आणि इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्यात असतो. गर्भाशय काढल्याने यांतील एकही गोष्ट दुरुस्त होत नाही.

चूक मुळातल्या नावातच आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी बीजकोशाचा तुकडा कापून काढला आणि पाळी पुन्हा सुरू झाली. डोळ्यांस जे दिसले त्यावरून पुढे नाव रूढ झाले. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी निकष ठरविले : अनियमित बीजमोचन, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिहींपैकी कोणतीही दोन लक्षणे असावीत, आणि थायरॉइडसारखी अन्य कारणे आधी वगळलेली असावीत. म्हणजे सोनोग्राफीत काही न दिसताही हा विकार असू शकतो, आणि दिसले तरी तो नसू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळानेच हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदलावे, असे सुचविले. ज्या नावाने त्याच्या मूळ भाषेतच घोटाळा केला, त्याचे शब्दशः मराठी करून आपण तो घोटाळा दुणावतो.

आपल्याकडे 'पीसीओडी' हे नाव अधिक रुळले आहे. त्यातील शेवटचे अक्षर 'डिसीज'चे, म्हणजे रोगाचे. 'सिंड्रोम' म्हणजे लक्षणसमूह. हा फरक केवळ कोशातला नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी किशोरवयीन व तरुण मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या निकषांनी त्यांतील २२.५ टक्के मुली या वर्गात आल्या. दुसरे, अधिक कडक निकष लावताच प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच होत्या, व्याख्या बदलली होती. उलट बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना हा विकार आहे अशा ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचे निदानच झालेले नसते.

ते का होत नाही, याचे एक उत्तर आम्हांस आपल्याच भाषेत सापडले. पाळीला आपण 'अडचण' म्हणतो. देवाधर्माच्या घरात महालक्ष्म्यांचा सण असो वा श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणे असो, अडचण नको म्हणून गोळ्या घेऊन ती पुढे ढकलली जाते. मग चार महिने अडचण आलीच नाही, तर ती तक्रार कोणास वाटावी? आम्हां दोघींपैकी जिची पाळी सतराव्या वर्षापासून अशी चुकत होती, तिला घरातील बायका भाग्यवान म्हणत. पुढे 'लग्न झाले की सुरळीत होईल' हे आश्वासन मिळाले, आणि लग्नानंतर 'मूल झाले की'. मूल झाले. पाळीने आपली रीत सोडली नाही. वस्तुतः तीन-तीन महिने पाळी न येणे ही डॉक्टरांकडे जाण्याचीच वेळ असते, कारण गर्भाशयाचे अस्तर झडले नाही तर ते जाड होत जाते आणि वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षातून पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावरचा उपाय पुष्कळदा साध्या गोळ्यांचा असतो, शस्त्रक्रियेचा नसतो.

चाळिशीत निदान झाले ते साखरेच्या निमित्ताने. रक्तातील साखर वाढलेली निघाली आणि एका शांत डॉक्टरीणबाईंनी मागची पंचवीस वर्षे विचारत नेली. मनात प्रथम सुटकेची भावना आली. हनुवटीवरचे केस, मानेवरचा काळवंडलेला पट्टा, न उतरणारे वजन हे सारे आपल्या आळसाचे वा नशिबाचे नसून एकाच सूत्रात ओवलेले आहे, हे कळण्यातही एक विसावा असतो. दुसरी भावना रागाची होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. रक्ततपासणीच्या कागदावरील संप्रेरकास तेथील मुलाने 'पुरुषी हार्मोन' म्हटले, तेव्हा तो राग उफाळला. अँड्रोजेन प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात. त्यांना पुरुषी म्हणणे ही भाषेने केलेली वाटणी आहे.

पथ्याचा छापील कागद मिळाला, त्यात ओट्स आणि ऑलिव्ह तेल होते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात राहतो म्हणून हळदीचे काढेही सुचविले गेले. प्रत्यक्षात २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने कोणताही एक आहार दुसऱ्याहून सरस ठरविलेला नाही. झेपेल असा संतुलित आहार आणि आठवड्यातून किमान दीडशे मिनिटांची हालचाल एवढेच मागितले आहे. आम्ही ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वरण यांवर राहिलो, गोळी वेळेवर घेतली आणि महाविद्यालयाच्या मैदानावर संध्याकाळी चालू लागलो. साखर आटोक्यात आली आहे. वजन फारसे उतरले नाही. हा विकार मुळापासून जात नाही, त्याला सांभाळत राहावे लागते, हे पत्करायला औषधापेक्षा अधिक दिवस लागले. त्याच मार्गदर्शिकेने उदासी व चिंता यांचीही चौकशी व्हावी असे म्हटले आहे. तशी चौकशी आमच्या वाट्यास दवाखान्यात आली नाही. ती आम्ही मैदानावर एकमेकींची केली.

आम्हांस चालताना पाहून एक-दोन विद्यार्थिनी सोबत येऊ लागल्या. त्यांतील एकीच्या हातात सोनोग्राफीचा कागद होता आणि आईने स्थळे पाहणे थांबविले होते. "मॅडम, गाठी आहेत म्हणून सांगावं लागेल का त्यांना?" तिचा प्रश्न. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण त्या वयात असे चित्र निरोगी मुलींतही दिसते, असे तीच मार्गदर्शिका सांगते. त्या मुलीला पाळी येऊन सहा वर्षे झाली होती. आम्ही तिला आमच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि तिच्या आईसाठी एका कागदावर सोप्या मराठीत लिहून दिले :

'पोरीच्या पोटात गाठ नाही. बीज तयार होण्याचे काम तिच्या शरीरात कधी कधी मध्येच थांबते. असे पुष्कळ जणींचे होते. ते औषधाने आणि चालण्या-खाण्याने सांभाळता येते. मूल होण्यास कधी वेळ लागतो, त्यावर उपचार आहेत. पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. काहीही काढायचे नाही.'

शेवटचे वाक्य तिने घरी दोनदा वाचून दाखविले, असे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. आई काही बोलली नाही; तिने कागद घडी घालून देवघरातल्या पोथीत ठेवला.