दहा महिने

जीन वाइल्डर म्हटलं की आधी आठवतो त्याचा आवाज. 'द प्रोड्यूसर्स'मधला तो भेदरट हिशेबनीस, निळ्या पांघरुणाचा तुकडा गालाला लावून किंचाळणारा. 'सिल्व्हर स्ट्रीक'मधला, पुन्हा पुन्हा आगगाडीबाहेर फेकला जाणारा प्रवासी. अगदी हळू, सभ्यपणे बोलायला लागायचं आणि बघता बघता दुधासारखं ऊतू जायचं, ही त्याची खासियत. म्हणून 'मर्डर इन अ स्मॉल टाउन' लावला तेव्हा मी बराच वेळ त्या उकळीची वाट पाहत होते. माझ्या मनात राहिला तो मात्र निराळाच माणूस. समोरच्याचं ऐकून घेणारा.

जानेवारी 1999 मध्ये अमेरिकेतल्या ए अँड ई वाहिनीवर हा चित्रपट दाखवला गेला. वाइल्डर तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. मोठ्या पडद्यावरचा त्याचा शेवटचा सिनेमा 1991 मध्ये आला आणि पडला. नंतरची दूरचित्रवाणी मालिका एका हंगामापलीकडे गेली नाही. विनोदी नटाचं हे वय कठीण. लोकांना त्याच्याकडून जुनंच हवं असतं आणि जुनं करायला अंगात बळ नसतं. वाइल्डरनं वाट पाहिली नाही. बहिणीच्या यजमानांना, गिल्बर्ट पर्लमनना सोबत घेऊन त्यानं स्वतःच पटकथा लिहिली. दिग्दर्शन केलं जॉइस चोप्रा यांनी.

गोष्ट 1938 सालची, कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड गावची. कॅश कार्टर हा ब्रॉडवेवरचा नाट्यदिग्दर्शक. बायकोचा खून झाल्यावर तो न्यूयॉर्क सोडतो आणि या गावात छोटंसं थिएटर चालवतो. गावातला एक धनाढ्य, सगळ्यांना नकोसा झालेला माणूस मारला जातो आणि कार्टरचा पोलिसातला मित्र, टोनी रॉसिनी, त्याला मदतीला घेतो. नाटकवाल्याला तपासात घ्यायचं का? तर खोटं बोलणं कसं ऐकू येतं, हे तालमीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळतं. ही कल्पना मला फार आवडली. रहस्य म्हणून पाहिलं तर चित्रपट साधाच आहे, अनेक संशयितांपैकी एक खुनी, एवढाच. मी त्यासाठी तो पाहत नव्हतेच.

कारण स्टॅमफर्ड हे वाइल्डरचं स्वतःचं राहतं गाव होतं. तिथलं जुनं घर त्याची पत्नी गिल्डा रॅडनर त्याच्यासाठी ठेवून गेली होती. गिल्डा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मुळे अमेरिकेची लाडकी झालेली विनोदी अभिनेत्री. दोघं भेटली 'हँकी पँकी'च्या चित्रीकरणात, तीही एक रहस्यकथाच. लग्न 1984 मध्ये झालं. 1986 च्या सुरुवातीपासून तिला थकवा यायचा, पोट दुखायचं, पाय दुखायचे. डॉक्टर बदलत गेले, कारणं बदलत गेली. अंडाशयाचा कर्करोग आहे हे कळलं ऑक्टोबरमध्ये. दहा महिने. 20 मे 1989 ला ती गेली, बेचाळिसाव्या वर्षी.

वाइल्डर नंतर 1991 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीपुढे साक्ष द्यायला गेला. गिल्डाच्या घराण्यात हा आजार आधीपासून होता. तिची आजी, मावशी, नात्यातली एक बहीण अशी नावं एका ओळीत मांडली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ते कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला हवं हे त्यालाही माहीत नव्हतं. हसवून पोट भरणारा माणूस तिथे तारखा सांगत होता.

ती साक्ष वाचताना मला आमचे काका आठवतात, मावशीचे यजमान. लग्नाच्या पंगतीत भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करणारे. मावशीचं दुखणं कितीतरी महिने 'गॅसेस आहेत, पथ्य पाळा' यावर निघालं आणि निदान झालं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. ती गेल्यावर काकांनी तिचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले आणि एका जाड पुठ्ठ्याच्या फायलीत ठेवले. भेटायला येणाऱ्याला चहा द्यायचे आणि फाइल उघडायचे. "हे बघ, इथं. इथं कुणाला कसं दिसलं नाही?" लोक म्हणायचे, काका बदलले, आता नकला करत नाहीत. मला ते बदललेले वाटले नाहीत. माणूस नीट निरखल्याशिवाय नक्कल येत नाही. तीच नजर आता फायलीवर बसली होती.

कार्टर दाराशी थांबून एखाद्या बाईचं उत्तर ऐकत असतो तेव्हा मला तिथे तो साक्षीला गेलेला नवरा दिसतो. ज्याला बायको वाचवता आली नाही त्यानं साठी उलटल्यावर स्वतःसाठी अशी गोष्ट लिहावी, की ज्यात तपास शेवटाला जातो, नाव सापडतं, हे मला फार मोठं धाडस वाटतं.

वाइल्डर मूळचा मिलवॉकीचा जेरोम सिल्बरमन. तो आठ वर्षांचा असताना आईला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी पोराला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्याशी वाद घालू नकोस, तिला हसव. वेगवेगळ्या बोलींत बोलून तो तिला हसवू लागला. त्याच्या सगळ्या किंचाळण्याखाली आजारी आईची ती खाट आहे.

कार्टरचा दुसरा चित्रपट, 'द लेडी इन क्वेश्चन', त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला. मधल्या काळात वाइल्डरलाच रक्ताशी संबंधित कर्करोग निघाला होता. तो त्यातून वाचला, पण तिसरा चित्रपट झाला नाही. पुढे तो चित्रं काढायचा, कादंबऱ्या लिहायचा. ऑगस्ट 2016 मध्ये स्टॅमफर्डलाच गेला. अल्झायमर झाल्याचं घरच्यांनी बाहेर कळू दिलं नव्हतं. रस्त्यात त्याला त्यानंच पडद्यावर साकारलेला विली वोंका म्हणून ओळखून खुलणाऱ्या मुलांसमोर कुणी मोठ्यानं आजाराचा विषय काढू नये, एवढ्यासाठी.

मागच्या दिवाळीत हा चित्रपट मी काकांना लावून दिला. बँकेत नोकरी झालेली, इंग्रजीची अडचण नव्हती. शेवटपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. खुनी सापडला, नावं वर सरकू लागली. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"परत लाव," म्हणाले. "पहिल्यापासून."