वरचा आकडा

करडीत दवाखाना थाटून मला पंचवीस वर्षे झाली. या काळात हजारो दंडांना रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला; स्वतःच्या दंडाला क्वचितच. तीन वर्षांपूर्वी, ऐन रोवणीत, नवे यंत्र आले. दुपारी दवाखाना रिकामा होता, कारण रोवणी सुरू असली की आमच्याकडे आजारी माणसेही बांधीतच असतात. यंत्र तपासावे म्हणून पट्टा माझ्याच दंडाला बांधला. आकडे आले १६२ आणि ८८. यंत्र सदोष असावे, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला! मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जुन्या पाऱ्याच्या यंत्राने मोजून पाहिले. दोष यंत्रात नव्हता.

मला त्रास काहीच नव्हता. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, झोप उत्तम होती. रक्तदाबाचे कपट हेच आहे. तारुण्यात महाधमनी रबरासारखी लवचिक असते. हृदयाने रक्त फेकले की ती फुगते आणि तो आघात झेलून घेते. वय वाढते तशी ती ताठरते, आघात झेलेनाशी होते, आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो. खालचा मात्र पुष्कळदा स्थिर राहतो किंवा उतरतो. ‘खालचा बरा आहे ना, मग वयाप्रमाणे वरचा वाढणारच’ ही समजूत म्हणूनच घातक आहे. चढलेल्या दाबाविरुद्ध रात्रंदिवस रक्त ढकलताना हृदयाची भिंत जाड होत जाते आणि कालांतराने ते थकते.

मी गोळी सुरू केली. दोन महिन्यांत वरचा आकडा १३० वर आला आणि मी गोळी बंद केली. विसरलो नव्हतो, बरे झालो, असे मानले. हीच चूक करणाऱ्या रुग्णांना मी वर्षानुवर्षे रागावत आलो होतो.

मला पकडले ते एका साठीच्या शेतकरी बाईने. पाय सुजतात म्हणून तिने परस्पर अ‍ॅम्लोडिपिन सोडली होती. या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते हे खरे. पण तेवढे सांगितले तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देऊ शकतो. मी नेहमीचे व्याख्यान सुरू केले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘डॉक्टर साहेब, तुमचा बीपी कोन पायते?’’ मी तिच्यासमोरच पट्टा बांधला. १५८.

आपल्या भंडारा जिल्ह्याला तर हा विषय नवा नसावा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांत प्रथम राबवला गेला, त्यांत सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्यासोबत भंडाराही होता. त्याची पद्धत साधी: ठरलेली मोजकी औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंदपत्रिका, आणि न आलेल्याचा पाठपुरावा. माझी पत्रिका कोणी काढली नव्हती. त्या दिवशी मी ती काढली.

आहाराविषयी दोनच गोष्टी सांगतो. दिवसभराचे सर्व मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा असावे. भातासोबतचे लोणचे आणि पापड यांतच त्याचा मोठा वाटा संपतो. दुसरी गोष्ट खर्रा. त्यातल्या तंबाखूने नाडी वाढते, दाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. तो चघळत रक्तदाब मोजायला येणाऱ्यांना मी बाहेर अर्धा तास बसवतो, चहा पिऊन आलेल्यांनाही. तक्रारी होतात, होऊ द्याव्यात. शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असेही विचारले जाते. रोवणी आणि कापणीतले श्रम मोठेच. मधल्या रिकाम्या महिन्यांचे काय? आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास झपझप चालावे. छातीत दाटून आले, किंवा नुसताच दम लागून दरदरून घाम फुटला, तरी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत कळ न येताही झटका येतो.

ती बाई आता दर महिन्याला येते. औषध बदलल्यावर तिची सूज उतरली. आधी माझा रक्तदाब मोजायला लावते, मगच हात पुढे करते. गेल्या सोमवारी माझा १३४ आला, तिचा १२८. दोन्ही पत्रिकांवर आकडे लिहिले तेव्हा ती हसली: ‘‘माझावाला बरा हाय.’’