मारुतीला कुठवर लागलं?

2 ऑगस्ट 2016, मंगळवार. त्या सकाळचा विषय निघाला की मामा आजही हातातलं काम खाली ठेवतात. नाशिकच्या भांडीबाजारात त्यांचं तांब्या-पितळेचं दुकान. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता म्हणून मी मदतीला गेले होते. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर संदेश आला: धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे.

मामांनी तो दोनदा वाचला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. पण तसे हजारो क्युसेक म्हणजे दुकानातली कितवी फळी, हे कोण सांगणार? गल्ल्याशेजारी बसलेल्या आजीने एवढंच विचारलं, "मारुतीला कुठवर लागलं?"

नाशिककराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे, पूर त्याच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला पाणी आलं की घाटावरचे विक्रेते सामान हलवतात, कमरेला आलं की बाजारपेठ जागी होते, छातीच्या वर गेलं की महापूर. त्यापुढची मापं म्हणजे नारोशंकराच्या देवळातली वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा आणि सरकारवाड्याच्या पायऱ्या. 1969चा पूर आजी पायऱ्यांच्या हिशेबात सांगते. निफाड तालुक्यातल्या सायखेड्याहून मामांच्या मेहुण्यांचा फोन येतो, तोही याच प्रश्नाने सुरू होतो. इथलं पाणी पुढे त्यांच्याच दारात जाणार, आणि तोवर जनावरं सोडायला त्यांना काही तास मिळतात.

दुकानातला पोरगा होळकर पुलाकडे पळाला. भिजून परत आला, म्हणाला, "गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली." मामा निवांत झाले. अजून तासभर तरी हाताशी आहे, असा त्यांचा हिशेब. चहा सांगितला.

चहा यायच्या आत गटाराचं झाकण खडखडलं. मग उचललं गेलं. काळं पाणी नदीच्या बाजूने आलंच नाही, ते बाजाराच्या पोटातून वर आलं. आधी उंबरा, मग खालची फळी. कळशा आडव्या होऊन तरंगायला लागल्या, एकमेकींवर आपटायला लागल्या. तो ठणठणाट अजून माझ्या कानात आहे. आम्ही तिघं हाती लागेल ते माळ्यावर फेकत होतो. जड परात वाचवायची की उधारीची वही, हे ठरवायला वेळ नव्हता. मामांनी परात उचलली, वही गेली. त्या वहीतली अर्धी येणी नंतर कुणी कबूलच केली नाहीत. मारुतीच्या छातीच्या वर पाणी गेलं ते नंतर, आमचं दुकान बुडाल्यावर.

दोन दिवस सगळे गाळ उपसत होते, आणि माझा राग त्या संदेशावर होता. मारुतीच्या कमरेची भाषा सोडून क्युसेकची भाषा का बोलायची? आजही मला वाटतं, प्रत्येक इशाऱ्यात मारुतीचं माप लिहावं. 2027च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसाळ्यात आहेत. बाहेरगावाहून येणाऱ्या लाखो माणसांना हा मारुती पाणी मोजतो हे ठाऊकच नसणार. घाटावर चित्र लावून ते समजावून सांगायला हवं, तेही त्यांच्या भाषेत.

पण त्या सकाळी मारुतीवर विसंबूनच तर मामा चहाला बसले होते. बाजाराखालून सरस्वती नाला वाहतो. शहरात मुसळधार पाऊस झाला आणि समोर गोदावरी चढलेली असली की त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग तो मागे फिरतो. हे मारुतीला दिसत नाही. आजीच्या लहानपणी नाला उघडा होता म्हणे, आणि बाया आधी तिकडे डोकावून मगच घाटावर जायच्या. तो झाकला गेला, आणि डोकवायची सवयही गेली. आजीने ती आठवण काढली, ती गाळ उपसून झाल्यावर.

आता पाऊस वाढला की मामा पोऱ्याला पुलाकडे धाडतात, आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन गटाराच्या झाकणावर हात ठेवून उभे राहतात. खालून थरथर लागते का, ते बघत.