बिनपगारी फुल अधिकारी

आमच्या गावात सरकारी माणसं चार. तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी आणि हापसा. पहिले तिघे तालुक्याहून ये-जा करायचे. हापसा तेवढा मुक्कामी. मारुतीच्या देवळामागे तीन पाय सिमेंटात रोवून उभा. ना रजा, ना बदली, ना लाइट गेल्याची सबब. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात तो हाच. माझी त्याची दोस्ती दांड्याला लोंबकळायच्या वयापासूनची. दांडा वर गेला की पाय जमिनीवरून सुटायचे, आणि खाली आणायला पोटावर पालथं पडून सगळं वजन टाकावं लागायचं.

स्वभावाने तिरसट. पहाटे पहिले दहा-बारा हापसे कोरडे. डोक्यातल्या साखळीचा नुसता खडखडाट. मग आत कुठेतरी उचकी लागायची, नळी भरत आल्याचा आवाज यायचा आणि तोटीतून पाणी घागरीच्या तळावर आदळायचं. थंडीत कोमट, वैशाखात गार. दांड्याच्या टोकाची वीतभर जागा हातांनी घासून चकचकीत झालेली, बाकी अंग गंजकट. त्याच्यापुढे वशिला चालत नसे, चालायचा नंबर. घागर नसली तर धोंडा ठेवूनही लावायचा.

"अक्का, हा धोंडा माझाय बरं का!"

"तुझा धोंडा पाणी भरणाराय का? घागर आण आधी."

सोयरिकींच्या चौकश्या आणि सासवांची गाऱ्हाणीही तिथंच निघायची. त्याची सेवा फुकट होती असं मात्र या बायकांसमोर म्हणू नये. एका हंड्याला चाळीसेक हापसे, घरात चार माणसं आणि दोन जनावरं. हिशेब त्यांच्या खांद्यांना विचारावा. बिनपगारी तो एकटा नव्हता.

त्याचं घराणं ऐकण्यासारखं आहे. १९६०च्या दशकातल्या दुष्काळात खडक फोडणारी यंत्रं आली आणि विंधण विहिरी झाल्या. त्यांवर बसवलेले पंप बिडाचे, एखाद्या घरापुरते. इथे अख्खं गाव दिवसभर लोंबकळणार. ते भराभर मोडले. तोड निघाली ती आपल्याकडेच. जालन्याच्या मिशनमधल्या कारागिरांनी एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पोलादी पंप केला, सोलापुरात तो आणखी सुधारला. हा सोलापुरी नमुना समोर ठेवून युनिसेफ आणि सरकारी कंपनी रिचर्डसन अँड क्रुडास यांनी १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडवला. पेटंट कुणी घेतलं नाही. त्यामुळे तो कुठल्याही कारखान्यात बनू लागला, लाखोंनी बनला. आमच्या हापशाचे भाऊबंद आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही नोकरी करतात.

त्याचा गोपनीय अहवाल कुणी लिहिला असता तर पहिली नोंद नारूची झाली असती. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून, पाय बुडवून पाणी भरायची रीत होती तेव्हाची ही गोष्ट. नारूचा किडा पायातून बाहेर पडायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. तोच पाय पाण्यात बुडाला की अळ्या पाण्यात, आणि ते पाणी दुसऱ्याच्या पोटात. हापशाने पाय आणि पाणी यांची गाठच तोडली. पाणी गाळून पिण्याचा, विहिरींत औषध टाकण्याचाही वाटा होताच. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. आजच्या पोरांना नारू माहीतच नाही.

पण मित्र झाला म्हणून नुसती त्याची बाजूच मांडणार नाही. हापसे आले त्याच काळात समाजसेवक बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम गावोगाव फिरत होती. गावची विहीर सगळ्यांना खुली करा, एवढाच तिचा आग्रह. पुष्कळ गावांनी सोपी वाट काढली: दलित वस्तीत वेगळा हापसा. वस्तीला जवळ पाणी मिळालं, पायपीट वाचली, हे खरंच. आणि गावच्या विहिरीचा प्रश्न मागे पडला, हेही खरं. हापशाने कधी कुणाची जात विचारली नाही; विचारणाऱ्यांच्या मात्र तो कामी आला.

आजारी पडला की पंचायत समितीत अर्ज जायचा. यथावकाश गाडी यायची. मिस्त्री दोन हापसे मारून सांगायचा, "वायसर गेलंय." मग दहा-दहा फुटांची एकेक नळी पान्ह्याने सोडवत वर काढायची. सगळ्यात शेवटी सिलिंडर यायचा, आणि त्यातून निघायचं चामड्याचं वायसर. काळं, फुगलेलं, कडेने झिजलेलं. एवढा खटाटोप करून सापडलेलं दुखणं तळहातावर मावायचं.

तो गेला तो मात्र वायसरमुळे नाही. १९९३च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली होती. कागदावर एवढं संरक्षण फार थोड्या सरकारी नोकरांना मिळालं असेल. आमच्या हापशाभोवती त्याच अंतरात मोसंबीसाठी बोअर पडत गेले. कुणी चारशे फूट, कुणी सहाशे. त्याची पोच दीडशे फुटांची. एका उन्हाळ्यात उचकी लागायची बंद झाली. पावसाळ्यानंतरही लागली नाही. मग साखळी गेली, नंतर दांडा गेला.

आता जलजीवन मिशनचे नळ दारात आले आहेत. बायकांचे खांदे सुटले, याचा आनंद हापशाच्या मित्रालाही आहे. पण लाइट नसली की टाकी रिकामी, आणि टाकी रिकामी की नळ कोरडे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात यावर शहाणपणाची सोय केलेली आहे: एकाच बोअरमध्ये सौर पंप सोडायचा आणि वरचा हापसा तसाच ठेवायचा. ऊन असेल तेव्हा टाकी भरते, नसेल तेव्हा दांडा आहेच. नव्या साहेबाने चार्ज घेतला, पण जुन्याला घरी पाठवलं नाही.

ज्या गावांत बोअरला अजून पाणी आहे, तिथे त्याच्या नावाने हळहळ नको आणि रंग देऊन चौकात पुतळ्यासारखं उभं करणंही नको. वेळच्या वेळी वायसर बदला आणि ते ५०० मीटर पाळा. कामावर असलेल्या माणसाच्या निरोप समारंभाची घाई कशाला?