आजीचा अंगठा

मागल्या वर्षी जूनमध्ये परीक्षा आटोपून गावी गेलो तेव्हा आजी सोप्यात बसून उजव्या हाताच्या अंगठ्याला खोबरेल तेल चोळत होती. काटा-बिटा मोडला असेल म्हणून विचारले, तर म्हणाली, "काटा कुठला रे, उद्या रेशन हाय."

आजी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बेळगावपासून पाऊण तासाच्या अंतरावर गावात ती एकटीच राहते. आम्ही शहरात, काका गोव्याला कारखान्यात. रेशन कार्डावर तिचे एकटीचे नाव. ज्या घरात चारपाच माणसे आहेत, तिथे एकाचे बोट यंत्राने नाकारले तर दुसऱ्याचे चालते. एका नावाच्या कार्डाला ती सोय नाही. आणि आजीचे बोट म्हणाल, तर साठ वर्षे भाताची लावणी, भांगलण, शेणी थापणे आणि चुलीतली राख ह्यांनी ते गुळगुळीत करून टाकले आहे. आधार काढतेवेळी जे काही ठसे उरले होते, तेही आता राहिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. दुकानदार वाईट माणूस नव्हे. त्याने अंगठा पुसायला फडके दिले, मग तर्जनी लावून पाहिली, मग डावा हात. यंत्र प्रत्येक वेळी एकच उत्तर देई. शेवटी तो म्हणाला, "आज्जी, यंत्र घेईना, मी काय करू? परवा या." मागे उभ्या असलेल्या शेजारच्या म्हातारीचेही तेच झाले. तिचा तो लागोपाठ तिसरा महिना होता. पैकी एकदा म्हणे बोटाचा दोष नव्हता, 'सर्व्हर' नव्हता. हा सर्व्हर कोण, कुठे बसतो, त्याला भेटायचे कसे, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

फोनवर येणाऱ्या अंकाने काम होते का, असे मी विचारले. होत असावे, पण आजीच्या आधारला जोडलेला नंबर काकांचा. काका तेव्हा पाळीवर. तिथे फोन कपाटात ठेवून आत जावे लागते. तो अंक दहा मिनिटांत शिळा होतो, काकांची पाळी आठ तासांची.

आजीला आम्ही तांदूळ नेऊन देऊ शकत होतो, आणि दिलाही. ती घेईना. "तुमचं नको. माझं मला पायजे." मला ते तिचे म्हातारपणाचे हट्ट वाटले. पुढे वाटले, शेजारच्या म्हातारीला कोण नेऊन देणार?

जुना काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती खेपा घालाव्या लागत, हे बाबा अजून सांगतात. कर्नाटकात 'भूमी' योजनेने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात घातले आणि २००१ नंतर तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा हाती पडू लागला, तेव्हा आमच्या घरी कोणालाही वाईट वाटले नव्हते. यंत्राशी माझे भांडण नाही. पण तलाठ्याला नाव होते, घर होते, वेळप्रसंगी त्याला चावडीत उभे करून विचारता येई. आता दुकानदार यंत्राकडे बोट दाखवतो, तालुक्याचा माणूस बेंगळूरकडे, आणि बेंगळूर बहुधा दिल्लीकडे दाखवत असणार.

कॉलेज सुरू झाल्यावर मी थोडी चौकशी केली. सरकारला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतच लिहिले आहे की ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के असल्याचे अंदाज आहेत. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढले : बोट जुळले नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, आणि अशा अपवादांची नोंद ठेवावी. म्हणजे आजीसाठी नियम होता. नियम आजीपर्यंत आला नव्हता, एवढेच.

आमच्या राज्यात 'सकाल'चा कायदाही आहे, २०११ चा. ठरल्या मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, भरपाई मागता येते. मी हुरळून गेलो. मग लक्षात आले की ही मुदत अर्जाच्या क्रमांकापासून मोजतात. आजी दुकानातून हात हलवीत परत आली, तिला कसला क्रमांक? तिच्या रिकाम्या पिशवीची पावती कोणी फाडत नाही.

तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करायचे ठरले. इथे भाषेचा प्रश्न आला. आजी मराठी शाळेत दुसरीपर्यंत शिकली. बाजारात कानडी फाडफाड बोलते, पण अक्षर वाचता येत नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. राज्यघटनेचे ३५० वे कलम मात्र गाऱ्हाणे मांडायला केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेची मुभा देते. ह्या दोहोंत गाऱ्हाणे कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते, यावर मी वसतिगृहात तासभर वाद घातला. माझा खोलीसोबती, जो ह्याच अंकाच्या कन्नड विभागात कविता लिहितो, तो शेवटी कंटाळून म्हणाला, "तू वाद घाल, मी अर्ज लिहितो." कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत बसवायचा असतो. कवीला ते जमले. दारिद्र्यरेषेखालील कार्डामुळे दहा रुपयांची फीही लागली नाही.

प्रश्न दोनच होते. गेल्या सहा महिन्यांत ह्या दुकानात किती वेळा ओळख नाकारली गेली? आणि अपवादाच्या वहीत किती जणांची नोंद करून धान्य दिले?

तिसाव्या दिवशी उत्तर आले. पहिल्याचे : माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. दुसऱ्याचे : निरंक.

निरंक! म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे त्या सहा महिन्यांत एकही माणूस अडला नव्हता. आता गंमत पाहा. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या बोटाचा सहा महिन्यांचा इतिहास पाहता येतो. काकांच्या सुट्टीच्या दिवशी अंक मागवून आम्ही आजीचा काढला. जूनच्या त्या सकाळच्या ओळी एकाखाली एक होत्या, प्रत्येकीसमोर ३०० हा आकडा, म्हणजे ठसा जुळला नाही. एका सरकारी यंत्राला आजी पाचदा आठवत होती; दुसऱ्या सरकारी वहीत ती गेलीच नव्हती.

तो कागद जोडून आम्ही पहिले अपील केले. माहिती आपल्याकडे नसेल तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे अर्ज पाठवायचा, असे त्याच कायद्याचे सहावे कलम सांगते, तेही लिहिले. राजस्थानात २०१९ पासून 'जन सूचना' संकेतस्थळावर रेशनचे तपशील अर्ज न करताच पाहता येतात, हे मी लिहायला निघालो होतो; कवीने शब्द मोजून ते खोडले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, ते मात्र त्याने राहू दिले. ते प्रकरण डोळ्यांची उघडझाप करता येत नसल्याने ओळख नाकारली गेलेल्यांचे होते. आजीला मी ते समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांच्यापुढं माझं बोट काय मोठं."

अपिलाचे उत्तर अजून आलेले नाही. पण दिवाळीच्या आधी दुकानात एक नवी कोरी वही आली. दुकानदाराने पहिल्या पानावर आजीचे नाव लिहिले, दुसऱ्या ओळीत शेजारच्या म्हातारीचे. मग सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. आजीने ती बाजूला केली, माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. रांग मोठी होती, मागची माणसे कुरकुरत होती. शेजारच्या म्हातारीने अंगठाच उठवला.