मागील बाकी

‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणारा दुकानदार उधार देत नसे, असं ज्याला वाटतं त्याने जुन्या पनवेलच्या बाजारातलं दोघा भावांचं किराणा दुकान पाहिलेलं नाही. पाटी गल्ल्याच्या डोक्यावर असायची आणि गल्ल्याला लागूनच उधारीच्या वह्यांची चळत. आमची वही लांबट, लाल कापडी बांधणीची. मी यादी वाचायची, मोठे भाऊ पुड्या बांधता बांधता जिन्नस आणि भाव मोठ्याने पुकारायचे आणि धाकटे लिहून घ्यायचे. तूरडाळ, गोडंतेल, गूळ, अंगाचा साबण. पान भरलं की खाली बेरीज, आणि पुढच्या पानाच्या पहिल्याच ओळीत ‘मागील बाकी’. पगार झाला की वडील पैसे देऊन येत, पण अगदी सगळे कधीच नाहीत. थोडे राहायचे. मुद्दाम ठेवले जायचे, असं आता मला वाटतं.

ते दुकान आता मधोमध भिंत घालून दोन झालं आहे. का झालं ते बाजाराला ठाऊक आहे. इथे सांगण्याची गरज नाही. पण तेव्हापासून ती पाटी माझ्या डोक्यातून जात नाही.

किती शहाणपणाने लिहिली आहे ती! नाही म्हणायचं, पण तोंडावर नाही म्हणायचं नाही. उद्या देतो म्हणायचं. उद्या आलात तर पाटी तीच, पण तुम्ही आलात हे तर झालं. शिवाय पाटी असायची ती अनोळखी गिऱ्हाइकासाठी. ओळखीच्यासाठी वही. मग ओळखीचा कोण, हे ठरायचं एका प्रश्नावर: “कुणाकडचे तुम्ही?” या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तारण. कागद नाही, सही नाही. जो दुकानदार कधीच कुणाला उधार देत नाही त्याला अशी पाटी लावावी लागत नाही, हेही माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आजच्या मॉलमध्ये ती कुठेच दिसत नाही. तिथे उधार मागण्याचं कुणाच्या मनातही येणार नाही. आता कोपऱ्यावरच्या टपरीवरही पैसे मिळाल्याचं यंत्र मोठ्याने सांगतं, आणि त्या क्षणी आपला आणि टपरीवाल्याचा संबंध चुकता होतो.

हिशेब चोख ठेवा, नाती टिकतात, असं सगळेच सांगतात. मीही माझ्या मुलांना हेच सांगत आले. पण त्या दोन भावांचे हिशेब चोख होते. दर लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’, रोजकीर्द आणि खतावणी पैशाला पैसा जुळलेली. जुळत नव्हतं ते वहीत लिहिण्यासारखं नसावं. कोण सकाळी आधी शटर उघडतं, कुणाच्या आजारपणात कोण किती दिवस एकटा गल्ल्यावर बसला, ही बाकी कुठे ओढायची? नवऱ्याबायकोतही हेच असतं. तिथे तर वहीच नसते. दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या बेरजा चालू असतात आणि दोघांनाही आपली बरोबर वाटते.

हिशेब चोख असूनही काही गोष्टी का मोडतात, असा विचार करता करता मी पनवेलच्या चाकांपाशी येऊन पोचले, आणि तिथून पुढे जाववेना.

हे गाव एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या धंद्याची दखल आहे. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा माणूस मचव्याने खाडीतून पनवेलच्या बंदराला उतरायचा आणि इथून गाडी करून घाट चढायचा. माल तर सगळा गाड्यांवरच. घाट चढायचा-उतरायचा तर चाक मजबूत हवं. मग 1863 मध्ये आगगाडीने बोरघाट पार केला, तोही कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडलं. खरं तर धंदा तिथेच बुडायला हवा होता. जवळजवळ वीस वर्षांनंतरही तो चालू होता, कारण भाताची शेतं, गिरण्या आणि बाजार होते, आणि भात वाहायला गाडी लागतच होती.

चाकाला धाव चढवताना मी लहानपणी एकदा पाहिलं आहे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरून लाकडी पाट्यांचा घेर, सगळं जुळवून चाक जमिनीवर आडवं पाडून ठेवलेलं. बाजूला गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल होत असलेली. ती घेरापेक्षा जराशी लहानच केलेली असते. तापून फुगते तेव्हाच बसते. तिघाचौघांनी सांडशांनी ती उचलायची, चाकावर टाकायची, घणाने बसवायची, लाकूड पेट घेऊ लागलं की लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो आणि लोखंड आवळत जातं, तसे आतले सगळे सांधे करकरत घट्ट होतात. पण कायमचे नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, धाव ढिली होते. मग गाडीवान चाक तळ्यात भिजत घालायचे, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा धरायची. फारच सैल झाली तर धाव काढून, थोडी कापून, सांधून, परत तापवायची.

एवढं निगुतीचं काम. त्या कारागिरांचं कुठे काय चुकलं? चाकात खोट नव्हती, गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. रबरी टायर आला, ट्रक आला, आणि चाक कितीही चांगलं असलं तरी कुणाला नको झालं.

त्याच गावात, त्या गॅझेटियरच्या दहा वर्षं आधी, 1872 साली, कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. राजापूरजवळच्या धूतपापेश्वराचं नाव त्याला दिलं. तो दीडशे वर्षं ओलांडून आजही चालू आहे. पनवेलकर म्हणून मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. माणूस आजारी पडायचा थांबत नाही, म्हणून औषधाचा धंदा राहिला, हे उत्तर सोपं आहे. पण त्या काळी औषधं करणारे गावोगाव होते. ते सगळे कुठे राहिले? म्हणजे गरज असणं पुरत नाही. आणि चाकवाल्यांकडे पाहिलं तर कसब आणि सचोटीही पुरत नाही. मग काय पुरतं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. जे टिकले त्यांना विचारलं तर ते आपले गुण सांगतील, आणि खरेच सांगतील. पण तेच गुण असून जे राहिले नाहीत, त्यांना विचारायला आज कोणी उरलेलं नाही.

त्यात गावातल्या इस्राएल तळ्यावरून गेलं की आणखी गोंधळ होतो. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849 चं. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 1948 नंतर एकेक घर इस्रायलला निघून गेलं. त्यांचं गावाशी बिनसलं म्हणून नव्हे. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार हसत-रडत निरोप घेऊन संपला. हे टिकलं म्हणायचं की मोडलं?

आणि आता नवं पनवेल, खारघर, कामोठे. 2025 च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून तर रोज नवी माणसं. सगळ्यांचे करार अकरा महिन्यांचे. अकरा महिन्यांच्या भाडेकरूला कोण वही घालून देणार? बाकी ठेवल्याशिवाय नातं धरत नाही, हा माझा हिशेब खरा असेल तर या इमारतींमध्ये कुणाचं कुणाशी काही जुळताच कामा नये.

पण आमच्या समोरच्या खोलीत लातूरकडची दोन भावंडं राहून गेली. माझ्या सासूबाईंना प्लॅस्टर होतं तेव्हा त्यातली बहीण रोज संध्याकाळी येऊन त्यांचे केस विंचरून द्यायची. मी तिला डबा दिला तर दुसऱ्या दिवशी तो धुऊन, आत काहीतरी घालून परत. कधी रिकामा आला नाही, कधी राहिलाही नाही. करार संपला, ती दोघं पुण्याला गेली, फोन नाही की निरोप नाही. आमच्यात कुणाचं कुणाला काहीही देणं नाही. सासूबाई मात्र केस विंचरायला बसल्या की अजून तिचंच नाव काढतात, आणि त्यांच्याशी तीस वर्षं एका घरात राहिलेली मी ते ऐकत फणी फिरवत असते.