घरांतली बाळंतीण

कोंबड्या पाळणें हा आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत चारचौघांना सांगण्यासारखा छंद नव्हे. गुलाब, पोपट, टपालाचीं तिकिटें, फार तर एखादें खानदानी कुत्रें, इथपर्यंत लोक समजून घेतात. कोंबडी म्हटली कीं ते प्रथम आपल्याकडे आणि मग आपल्या आडनांवाकडे पाहूं लागतात. जुळे सोलापुरांत विजापूर रस्त्याच्या बाजूस मीं घर बांधलें, तेव्हां मागल्या अंगाला मुरमाड जमिनीचा एक पट्टा आणि लिंबाचें एक झाड एवढेंच वैभव शिल्लक राहिलें. त्या वैभवाला शोभेल असा छंद म्हणून मीं चार कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. माझ्या आईनें उभ्या जन्मांत अंड्याला हात लावलेला नाहीं. तिनें दोन दिवस माझ्याशीं बोलणें टाकलें, तिसऱ्या दिवशीं त्यांना शिळ्या भाकरीचा कुस्करा घातला आणि चौथ्या दिवशीं त्यांतल्या भुऱ्या कोंबडीला आपल्या एका नणंदेचें नांव ठेवलें. तें नांव मी येथें देत नाहीं. त्या आत्याबाईंचे मुलगे हें मासिक वाचतात.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनीं सोसलेला नाहीं त्यांना तो सांगून समजावयाचा नाहीं. पारा ४३-४४ अंशांवर जातो हें वर्तमानपत्रांत वाचतां येतें. पण दुपारीं तीन वाजतां गच्चीवरच्या टाकींतलें पाणी हातावर घेतलें कीं चहा मिळेल असें वाटतें, हें वर्तमानपत्र सांगत नाहीं. आमची कडक भाकरी महिनेमहिने टिकते, याचें श्रेय आम्ही येथल्या सुगरणींना देतों. माझ्या मतें त्यांतलें निम्में श्रेय हवेचें आहे. जी हवा भाकरी वाळवते ती माणसालाही वाळवते.

आणि कोंबडी हा मूळचा अशा हवेंतला प्राणीच नव्हे. तिचे पूर्वज म्हणजे आग्नेय आशियांतल्या दाट बांबूच्या बेटांतल्या तांबड्या रानकोंबड्या. पाळीव कोंबडीचीं म्हणून खात्रीनें ओळखतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडांतील बान नॉन वाट येथें सांपडलीं, सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. तिच्या पायांचा व कातडीचा पिवळेपणा मात्र आपल्याकडचा; सह्याद्रींत आणि दक्षिणेंत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्यापासून तो तिच्या रक्तांत आला, हें २००८ सालीं सिद्ध झालें. दोन्हीं आजोळें सावलींतलीं. तिला घाम येत नाहीं, कारण घामाच्या ग्रंथीच नाहींत. अंगाची उष्णता मुळांतच ४१ अंशांच्या आसपास. ती बाहेर टाकण्याला तिच्याजवळ साधनें दोनतीनच: लाल तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले, अंगापासून दूर धरलेले पंख, आणि उघड्या चोचीनें धापा टाकणें. या धापांनीं रक्तांतली एक समतोल अवस्था बिघडते आणि अंड्याचें कवच पातळ पडूं लागतें. वैशाखांतलें अंडें हातांत घेतांच फुटलें, तर तो आपल्या हाताचा दोष नसतो.

हें सारें मला पुस्तकांतून समजलें, पण समजायला उशीर झाला होता. २०२३ च्या मे महिन्यांतली गोष्ट. मुंगसाच्या भयानें मीं पत्र्याचें एक भक्कम खुराडें करून घेतलें होतें आणि त्याचा मला अभिमान होता. एका दुपारीं आम्ही सर्वजण लग्नाला निघालों. जातांना मीं कोंबड्या आंत कोंडल्या, कडी घातली, वर कुलूप लावलें. संध्याकाळीं परत येऊन पाहतों, तों दोन कोंबड्या दाराशीं मरून पडलेल्या. पंख पसरलेले, चोची उघड्या, आणि त्या चोची जाळीच्या फटींत घुसलेल्या. मुंगूस त्या दिवशीं आलेंच नव्हतें. भुरी व काळी मागच्या कोपऱ्यांत कशाबशा जिवंत होत्या, आणि कोंबडा लिंबावर होता, कारण त्यानें आंत जायला नकार दिला होता. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें कुलूप काढून घेतलें आणि तें कोठें ठेवलें हें मला आजतागायत सांगितलेलें नाहीं.

तेव्हांपासून दिवसा खुराडें उघडें. लिंबाखालीं ओलीं गोणपाटें टांगावयाचीं, मातीच्या परळांत दिवसांतून चारदां गार पाणी, ज्वारीच्या कण्या फक्त पहांटे आणि दिवेलागणीला. भर दुपारीं दाणा घातला कीं पचनाची उष्णता आंतून आणि सूर्याची बाहेरून, अशी बिचारी दोहोंकडून भाजते.

पुढल्या वर्षीं, म्हणजे २०२४ सालीं, एप्रिलच्या अखेरीस भुरी खुडूक झाली. पिसें फुलवून ती कोपऱ्यांत बसून राहिली आणि जवळ जाणाऱ्याच्या हातावर चोंच मारूं लागली. भांड्यांना येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, असल्या उन्हांत कुनी बसवतंय व्हय? अंडी उकडून निघत्याल." त्यांचें म्हणणें शहाणपणाचें होतें. खेड्यांतून कोंबडी अंड्यांवर बसवतात ती थंडीच्या दिवसांत. मी तिला उठवून पाण्यांत पाय बुडवण्याच्या बेतांत होतों, पण आई म्हणाली, "बसूं दे रे. जिनें बसायचें ठरवलें तिला उठवूं नये." घमेल्यांत ओली वाळू, तिच्यावर वाळकें गवत, गवतावर नऊ अंडीं, आणि वर डाल, अशी व्यवस्था लिंबाच्या बुंध्याशीं झाली.

अंड्याला हवी असते ३७.५ अंशांच्या आसपासची उष्णता, एकवीस दिवस. पांचव्या दिवशीं दुपारीं मीं भिंतीवरचा तापमापक काढून डालीजवळ नेला. सावलींत ४२! म्हणजे भोंवतालची हवा कोंबडीच्या अंगाहूनही तापलेली. मीं डाल जराशी उचलून पाहिली. भुरी अंड्यांवर बसलेली नव्हती. पाय किंचित वांकवून, दोन्ही पंख उतरते पसरून ती त्यांच्यावर अर्धी उभी होती. चोंच उघडी, गळा धडधडतो आहे, डोळे मिटलेले. ती अंड्यांना ऊब देत नव्हती. ती त्यांना निववीत होती. आईच्या मायेला 'ऊब' म्हणण्याची पद्धत आपल्या लेखकांनीं पाडली आहे. ते बहुतेक पुण्याचे असावेत. सोलापुरांत त्या शब्दानें कोणाचें समाधान व्हावयाचें नाहीं.

त्या वर्षीं उजनी धरणाचा साठा 'उणे' झाला होता. पाणी उणे कसें असूं शकतें हें कोडें मला बरेच दिवस पडलें होतें. उपयुक्त साठा संपून तळाच्या मृत साठ्याला हात घातला, कीं त्याला उणे म्हणतात. नळाला पाणी चार-चार, पांच-पांच दिवसांनीं येई. पुण्याची बहीण रोज फोनवरून आईला बोलावीत होती आणि आई कांहीं ना कांहीं सबब सांगत होती. प्रथम ती म्हणाली, मतदान आहे. ७ मे रोजीं सकाळीं सातला जाऊन तिनें मत दिलें. मग म्हणाली, शेंगांची चटणी कुटावयाची आहे.

मतदानानंतर तिसऱ्या दिवशीं दुपारीं ती मागल्या ओसरीवर चक्कर येऊन पडली. वीज गेलेली होती. डॉक्टरांनीं जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटींत धरून सोडली आणि माझ्याकडे वळून विचारलें, "घरांत पाणी असून माणूस सुकतें कसें?" सलाईन लावावें लागलें. उलगडा मावशींनीं केला. माठांतलें गार पाणी आई परळांत ओतीत होती, आणि स्वतः टाकींतलें कोमट पाणी पीत होती, तेंही मोजून. बहात्तरच्या दुष्काळांत तिनें संसार केलेला. पाणी मोजण्याची तिची संवय गेलेली नाहीं. भुरी दिवसांतून किती वेळां पाण्याला उठते, हें माझ्या वहींत तारीखवार लिहिलेलें होतें. आई किती वेळां उठते हें मला ठाऊक नव्हतें.

अठराव्या दिवशीं संध्याकाळीं पश्चिमेकडे आभाळ पिवळें झालें आणि वळीव आला. आधीं धूळ, इतकी कीं समोरचें घर दिसेना. मग वारा. लिंबाची एक मोठी फांदी कडाडून आडवी झाली, आणि माझ्या अभिमानाचा विषय जो खुराड्याचा पत्रा, तो उडून शेजाऱ्यांच्या आवारांत जाऊन पडला. गारा सुरू झाल्या तेव्हां मी डोक्यावर पाट धरून धांवलों आणि डालीसकट घमेलें उचललें. भुरीनें आंतून माझें मनगट फोडलें, पण अंडीं सोडलीं नाहींत. दारांत आई उभी होती. आमच्या स्वयंपाकघरांत त्या दिवसापर्यंत अंडें आलेलें नव्हतें. मी थबकलों. "बघत काय राहिलास? माझ्या खाटेखालीं ठेव," ती म्हणाली.

अर्ध्या तासांत पारा चाळिसावरून पंचविसावर आला. मीं डाल उचलून पाहिलें, तों भुरी अंगाचा गोळा करून, पिसें फुगवून अंड्यांवर घट्ट बसली होती. तापमापक तिनें पाहिलेला नव्हता.

काळी मला सकाळीं कुंपणाशीं सांपडली, भिजून थंड पडलेली. कोंबडा लिंबाच्या बुंध्याला चिकटून बचावला होता. काळीला आंत आणावयाचें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. त्या नऊ अंड्यांतलीं चार तिचीं होतीं.

एकविसाव्या रात्रीं दोनच्या सुमारास आईनें मला हांक मारून उठवलें. दिवा लावूं नको म्हणाली. खाटेखालून बारीक चिवचिव येत होती; थांबे, पुन्हां येई. सकाळपर्यंत पांच पिलें निघालीं. त्यांतलीं दोन काळीं. उरलेलीं चार अंडीं आईनें मावशींकडून लिंबाखालीं पुरवून घेतलीं. पिलांना कण्या भिजवून तिनेंच ठेवल्या, आणि पाण्याचें परळ भरल्यावर माझ्या देखत एक पेला स्वतःही घेतला.

दुपारीं पुण्याचा फोन आला. आतां तरी येतेस कीं नाहीं, असें बहीण विचारीत असावी. आई पदरानें वारा घेत शांतपणें म्हणाली, "आतां महिनाभर तरी जमायचें नाहीं, बाई. घरांत बाळंतीण आहे."